टाक्यांचा कप आणि अस्वलाचा मग

जुन्नरात माझं मोटारी बांधायचं दुकान आहे. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत, पाण्याच्या मोटारी. विहिरीतल्या, बोअरमधल्या, जळून काळ्याठिक्कर पडलेल्या. शेतकरी आणून टाकतो, मी आतली जळकी तार उपसतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश मारतो आणि ‘बांधलेली मोटार नवीपेक्षा बरी चालते’ असं सांगून परत देतो. हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलतो असं बायको म्हणते. लेण्याद्रीकडे निघालेली माणसं रस्ता विचारायला माझ्याच दुकानापाशी थांबतात, आणि मी रस्ता सांगतासांगता त्यांच्या गावी मोटारी कोण बांधतं तेही विचारून घेतो. धंदा बरा आहे. चार तालुक्यांतली गिऱ्हाइकं येतात. फक्त एका माणसाची मोटार दहा वर्षांत एकदाही माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. माझ्या सासऱ्यांची.

सासुरवाडी आंबेगाव तालुक्यातली, लोणीची. तिथली वीज म्हणजे मनाला येईल तेव्हा येणार, येणार ती अर्धीच येणार. त्यामुळे सासऱ्यांची मोटार दर उन्हाळ्यात जळायची म्हणजे जळायची. आणि जळाली की मंचरला जायची. मंचर जवळ पडतं, असं सासूबाई सांगायच्या. अहो, जवळ पडतं हे मलाही कळतं. पण घरात डॉक्टर जावई असताना कुणी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे जातं का? आमच्या बाजारपेठेत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. समोरचा चहावाला तर गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, राव, ह्यांना सासरा मोटार देईना, तुमी कशाला देताय. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो, आणि मग दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही.

हे सगळं झालं एका कपामुळे. माझ्या रागामुळे झालं असं बायको म्हणते, पण कप नसता तर राग कुठून आला असता?

तो कप चिनी मातीचा. इतका पातळ, की उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. कडेला सोनेरी रेघ, ती ओठांनी झिजून अर्धीच उरलेली. अंगावर निळी फुलं, आपल्या मातीत कधी उगवली नसतील अशी. सासऱ्यांचे आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते, त्यांनी तिकडून असे सहा कप आणले होते म्हणे. पाच काळाच्या पोटात गेले आणि हा एक उरला, तोही फुटका. वरून खाली एक वाकडा तडा, त्याला मध्येच फुटलेला दुसरा फाटा, आणि ह्या तड्यांवर पितळी तारेचे सात टाके. वहीला पिना मारतात ना, तसे. बाहेरून चांगले ढळढळीत दिसणारे. लपवायचा कुणी प्रयत्नसुद्धा केलेला नव्हता.

आमचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि लगेच अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा थाट काय वर्णावा. तेहतीस अनारसे, दिव्यांचं ताट, नवे कपडे, आणि आपण नुसतं पाटावर बसून गंभीर चेहरा करायचा. मी पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घालून गेलो होतो. जेवणाआधी चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या कपबशा आणि मला एकट्याला तो सात टाक्यांचा कप. सासरे स्वतः घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून, आणि माझ्यासमोर ठेवून तिथेच उभे राहिले.

आता त्या घरच्या माणसांना माहीत होतं, की ह्या कपात चहा आला की तो लगेच बशीत ओतायचा आणि फुर्र करून प्यायचा. मी पडलो जुन्नरचा, तालुक्याच्या गावचा. मी बशी बाजूला सारली, कप रुबाबात उचलला आणि साडूंशी, मेहुण्याशी गप्पा मारत एकेक घोट घ्यायला लागलो. गरम चहानं तो जुना तडा जरासा उघडला आणि ठिबक सिंचन चालू झालं. मला पत्ताच नाही. पत्ता लागला तो दाराआड बायका खिदळायला लागल्या तेव्हा. खाली बघतो तर पांढऱ्या पँटवर, नको त्या जागी, हा एवढा डाग.

माझं डोकं लवकर तापतं. ओव्हरलोड झालं की बंद पाडणारं बटण मोटारीला असतं, मला देवानं दिलेलं नाही. मी ताडकन उठलो आणि भरल्या घरात म्हणालो, “जावयाला फुटका कप देता? एवढीच किंमत का माझी?”

मी तसाच बाहेर पडलो आणि मोटारसायकलवर बसलो. रुसून जायचं तर गाडी पहिल्या किकला चालू व्हायला पाहिजे. ती झाली नाही. मी किक मारतोय, मारतोय, सगळं घर ओसरीत उभं राहून बघतंय, आणि रागाचा सगळा डौल त्या किकांत निघून चाललाय. शेवटी सासरे जवळ आले, वाकून त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला आणि मागं झाले. गाडी चालू झाली. त्यांचे आभार मानावेत की नाही हे न कळून मी तसाच निघालो. बायको दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, बरोबर माझे तेहतीस अनारसे घेऊन.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा माझ्यासाठी नवा कोरा मग आणून ठेवला होता. मंचरच्या बाजारातला. पांढराशुभ्र, वीटभर वजनाचा, त्यावर एक गुलाबी अस्वल, अस्वलाच्या छातीवर बदाम आणि खाली ‘हॅपी बर्थडे’. तडा नाही, टाका नाही. मी कुठल्याही महिन्यात गेलो, कुणाच्या दहाव्याला गेलो, तरी मला त्याच मगात चहा. सासूबाई तो वेगळा फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. मला बसायला खुर्ची, खुर्चीवर चादर, आणि सासऱ्यांच्या तोंडी सदानकदा ‘पावणं’. पावणं, बसा. पावणं, ऊन लई हाय, आत बसा. एकदा बैल सुटला आणि सगळं घर काठ्या घेऊन धावलं, तेव्हाही मी उठलो तर म्हणाले, पावणं, तुमी बसा. मी बसलो. अस्वलाकडे बघत बसलो.

हे असं वर्षानुवर्षं चाललं, आणि खरं सांगतो, मला वाटत होतं मी जिंकलोय. गेल्या वर्षी मेहुण्याचं लग्न झालं तेव्हा डोळे उघडले. नवी नवरी घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओसरीत बसलो होतो. सासऱ्यांनी त्यांचा तो टाक्यांचा कप घेतला. एव्हाना मला एवढं कळलं होतं की ते रोजचा चहा त्यातच पितात. म्हाताऱ्याचा कंजूषपणा, असं मी समजत होतो. त्यांनी तो कप भरून घेतला आणि दोन्ही हातांनी नेऊन सुनेच्या पुढ्यात ठेवला. ती पोरगी शहाणी, तिनं पटकन बशीत ओतला. आणि सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

मी बायकोला बाजूला घेतलं आणि विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा तिनं सांगितलं. सासऱ्यांची आई नवी नवरी म्हणून ह्या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या हातून हा कप पडून फुटला. मुंबईहून आणलेला, विलायती. पोर घाबरली. तिचे सासरे तिला रागावले नाहीत. तुकडे घेऊन जुन्नरला गेले, टाके घालून आणले आणि पुढे मरेपर्यंत त्यातच चहा प्यायले. तेव्हापासून ह्या घरात सून येवो नाहीतर जावई येवो, घरचं माणूस म्हणून त्याचा पहिला चहा ह्या कपात.

“आणि हे तू मला दहा वर्षांनी सांगतेस?” मी म्हणालो.

तिनं सांगितलं, की मी तेव्हा किका मारत होतो. आणि नंतर मी त्या कपाचं नाव काढू देत होतो का? वर आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मात्र थेट काळजात घुसली. त्या धोंड्याच्या दिवशी ओसरीच्या कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. ती जळकी मोटार होती. चहा झाला की सासरे ती मला दाखवणार होते. मी निघून गेल्यावर त्यांनी तीच मोटार मंचरला नेली, कारण पाहुण्याला काम सांगायचं नसतं.

झालं. त्या दिवसापासून मला त्या कपाचा ध्यास लागला. पण मागणार कुठल्या तोंडानं? म्हणून मी आधी अस्वलाच्या मागं लागलो. तो मगच नसेल तर आपोआप कप मिळेल असा हिशेब. एकदा तो मग मी धान्याच्या कणगीमागे लपवला. सासूबाईंनी अर्ध्या तासात शोधला आणि उशीर झाला म्हणून माझीच माफी मागितली. एकदा पिशवीत घालून चक्क जुन्नरला पळवून आणला. तर पुढच्या खेपेला माझ्यासमोर तसाच दुसरा मग. दुकानदाराकडे जोडी होती म्हणे. शेवटी एकदा धीर करून ओसरीच्या फरशीवर हातातून सोडला. फरशीचा टवका उडाला. मगाला काही झालं नाही, अस्वल हसतच होतं. सासरे धावत आले, तो मग उचलून पुसला आणि म्हणाले, पावणं, लागलं न्हाई ना?

मग आली ती शिमग्यानंतरची खेप. सगळे शेतावर कांदा काढायला गेले होते, बायकोही गेली होती. मला अर्थातच नेलं नव्हतं. मी घरात एकटा, खुर्चीवर, चादरीवर. स्वयंपाकघरात चुलीच्या निखाऱ्यांवर चहाचं पातेलं झाकून ठेवलेलं आणि फळीवर तो कप पालथा घातलेला. माझ्या मनात आलं, एकच घोट घ्यावा. कुणाला कळणार आहे? चोरून का होईना, पहिला चहा होऊन जाईल. मी कप घेतला, चहा ओतला. पण वेळेला जे आठवायचं ते आठवलं नाही, आणि बशीत ओतायच्या ऐवजी मी तसाच तोंडाला लावला. उकळता चहा टाक्यांतून बोटांवर आला. मी हात झटकला. कप चुलीच्या कडेवर आपटला आणि कान तुटून, कानाबरोबर मोठा टवका घेऊन खाली पडला.

मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. पायावर चहा, पँटवर चहा. ज्या कपासाठी भरल्या घरात तमाशा केला, तोच कप मी फोडला. आता ह्या घरात मला अस्वलाच्या मगातसुद्धा कुणी चहा देणार नाही, असं वाटलं. बाहेर माणसांचा आवाज आला आणि मी जगातला सगळ्यात मूर्ख माणूस जे करेल ते केलं. दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत, पान्यांच्या पिशवीत दडवले.

सासरे हातपाय धुऊन आले आणि चहा मागितला. कप सापडेना. मग जो शोध सुरू झाला तो विचारू नका. सासूबाईंनी मांजरावर संशय घेतला. मेहुण्यानं माकडांवर घेतला. शेजारचे एक आजोबा येऊन बिबट्याचे ठसे बघून गेले. आमच्याकडे काहीही हरवलं की आधी बिबट्याचं नाव घेतात. मीही शोधलं. कणगीमागं बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं, एवढं मन लावून शोधलं की सासूबाई म्हणाल्या, पावणं, तुमी बसा. बायको मात्र शोधत नव्हती. ती माझ्या पँटकडे बघत होती.

शेवटी दमून सासरे ओसरीत बसले. घरात त्या वेळी धुतलेलं दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून सुनेनं त्यांना अस्वलाच्या मगात चहा दिला. पांढऱ्या मिशांचा, फेट्याचा, सत्तरीचा माणूस. गुलाबी अस्वल. हॅपी बर्थडे. मला हसू यायला पाहिजे होतं. पण ते रिकाम्या फळीकडे बघत एकेक घोट घेत होते, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की माझा चहा तसाच गार झाला.

वाटेत बायकोनं एवढंच विचारलं, कुठं ठेवलाय? मी म्हणालो, डिकीत.

आता टाके घालणार कोण? सगळी बाजारपेठ पालथी घातली. भांडीवाला म्हणाला, नवीन घ्या. हार्डवेअरवाल्यानं चिकटवायची ट्यूब काढून दिली आणि कळणारसुद्धा नाही म्हणाला. पण कळायला तर पाहिजे होतं ना. शेवटी एका तांबटानं जुन्या पेठेतल्या चाचांकडे धाडलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चिनी मातीला टाके घालायचं काम होतं. आता मुलगा पुढे कुकर आणि मिक्सर दुरुस्त करतो आणि चाचा मागं पाटावर बसून रस्ता बघतात. ऐंशीच्या पुढचे असावेत. मी रुमाल सोडला. त्यांनी कप डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याचं नख टाक्यांवरून फिरवलं आणि गालात हसले.

“हे चार टाके माझ्या वालिदांचे,” ते म्हणाले. “हे तीन माझे. एकबी हलला न्हाई बगा. तुमी नव्या जागी फोडलाय.”

मी म्हणालो, चाचा, सातही टाके एकाच वेळचे आहेत, सासऱ्यांच्या आईनं फोडला तेव्हाचे. चाचा म्हणाले, दोन हात वेगळे दिसत नाहीत का? त्यांच्या वडिलांचे टाके आखूड आणि सरळ, त्यांचे जरा लांब. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिकडून पूर्वेकडून एक तरणा गडी हा कप घेऊन आला होता. नुकतंच लग्न झालेलं. बापाशी भांडला आणि बाप बाहेरगावी गेल्यावर उरलेल्या रागात कप भिंतीवर मारला. मग बाप परत यायच्या आत डब्यात बाजरी भरली, बाजरीत कप रोवला आणि पहिल्या एसटीनं जुन्नर गाठलं. टाके घालून होईस्तोवर तो गडी पायरीवरून हलला नाही. त्याला एकच काळजी, घरी कुणी टाके मोजले तर? चाचा त्याला म्हणाले होते, तुमच्या घरी च्या पितात का मोजदाद करतात?

“दिसायला कसा होता?” मी विचारलं.

“डाव्या कानाखाली ही एवढी चामखीळ.”

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या कानाखाली वाटाण्याएवढी चामखीळ आहे. छातीवरचं एक मणाचं ओझं खाली उतरलं, हे कबूल करतो. म्हणजे त्या घरात तापट डोक्याचा मी एकटाच नव्हतो.

पण चाचांचे हात आता कापत होते. त्यांनी पेटीतून हत्यार काढून माझ्यापुढं ठेवलं. छोटी धनुकली, तिच्या दोरीनं फिरणारी बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याची कणी. तुम्ही मोटारी बांधता ना, मग तुमचा हात स्थिर, तुम्हीच करा, मी सांगतो. तड्याच्या दोन्ही अंगाला भोक पाडायचं, पण आरपार नाही. अर्ध्यावर थांबायचं. कप पोह्याच्या पापडाएवढा जाड आणि त्यात अर्ध्यावर थांबायचं! आधी सराव करा म्हणाले. माझ्या दुकानात चिनी मातीचे जुने फ्यूज पडलेले होते, ते घेऊन गेलो. तीन रविवार बाजाराच्या गर्दीत मी पाटावर बसून फ्यूज फोडत होतो. डझनभर फोडले. राग आला की चाचा दोरी हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, आधी पाणी प्या. आयुष्यात एवढं पाणी मी कधी प्यायलो नाही. तिकडे लोणीहून व्हिडिओ कॉल आला की सासूबाईंच्या मागं सासरे दिसायचे, ओठाला अस्वल लावलेले, आणि मी पुन्हा पाटावर जाऊन बसायचो.

चौथ्या रविवारी कपाला हात लावला. चार टाके. तार माझ्याच दुकानातली, मोटारीची, तांब्याची. तिची टोकं वाकवून, जराशी तापवून भोकात बसवायची. गार होताना ती आवळते आणि तड्याला घट्ट धरते. वरून चुना आणि अंड्याचा पांढरा बलक. माझे टाके जुन्यांइतके देखणे नाहीत. एक तर चांगलाच तिरका गेलाय. चाचांनी बघितलं आणि म्हणाले, चालतंय, वळखू येईल कुनाचा ते. पैसे घेतले नाहीत. नेताना बाजरीत घालून न्या, एवढं बजावलं.

लोणीला गेलो. वाटेत बायकोनं माझ्याकडून माफीचं भाषण दोनदा म्हणून घेतलं होतं. ओसरीत सासरे एकटेच होते. मी खुर्चीवर न बसता खाली बसलो आणि डबा पुढं केला. त्यांनी झाकण काढलं, बाजरी बघितली आणि थबकले. मग हात घालून कप वर काढला. फुंकर मारून बाजरी उडवली. मी भाषण सगळं विसरलो.

“मी फोडला,” मी म्हणालो.

“ठावं हाय. तुमच्या प्यांटीवर डाग व्हता.”

कप फिरवून फिरवून बघत होते. तिरक्या टाक्यावर नख थांबलं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, सासूबाई आत आहेत हे बघितलं, आणि आवाज अगदी खाली आणला.

“बाजरीत घालून आनायचं कुनी सांगितलं?”

“चाचांनी. जुन्या पेठेतल्या.”

“हायेत अजून?” मग कप मांडीवर ठेवला. “अजून काय काय म्हनले?”

मी त्यांच्या डाव्या कानाखाली बघितलं. दहा वर्षांचा हिशेब चुकता करायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. दहा वर्षांची मंचरवारी, दहा वर्षांचं अस्वल. पण त्या सत्तरीच्या चेहऱ्यावर मला तो पायरीवर बसलेला गडी दिसला, आणि त्याची भीती मला चांगलीच ओळखीची होती.

“काही नाही,” मी म्हणालो. “पाणी प्या म्हणाले.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि चहा सांगितला. सासूबाई घेऊन आल्या. सासऱ्यांनी टाक्यांचा कप भरून घेतला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः अस्वलाचा मग ओढून घेतला. मी लगेच बशीत ओतला. तरी एक थेंब पँटवर पडलाच, आणि पडू दिला. मी म्हणालो, कप तुमचा आहे, तुम्ही घ्या. तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या, ह्यात च्या जास्त मावतो अन् गळतबी न्हाई.

सासूबाई रिकामा कप उचलायला वाकल्या. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि सहज, कांदे मोजावेत तशा म्हणाल्या, “आता अकरा झाले. मी आले तवा चार व्हते.”

सासऱ्यांना असा ठसका लागला, की अस्वलाच्या डोळ्यांत चहा गेला. सासूबाई कप घेऊन आत निघून गेल्या. चाळीस वर्षांत त्या एका अक्षरानं बोलल्या नव्हत्या. सासरे मिशा पुसत उठले, इकडेतिकडे बघितलं, आणि आता इथं बसण्यात अर्थ नाही असं दिसल्यावर तरातरा मागच्या दारी गेले. मीही पाठोपाठ गेलो. गोठ्याच्या भिंतीशी पोतं पडलं होतं. त्यांनी ते ओढलं. खाली मोटार होती, जळून काळी पडलेली. चार दिवस झाले, म्हणाले, मंचरला न्यायची राहून गेली.

मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. डोळ्यात पाणी आलं, ते जळक्या वार्निशच्या वासानं आलं असं मी बायकोला नंतर सांगितलं. सासऱ्यांनी एक बाजू उचलली होती, ती हातात धरून ते माझ्यावर खेकसले.

“धरा की तिकडनं! पावण्यावानी काय बघत उभे ऱ्हायलात?”

मी दुसरी बाजू धरली.